खात्रीचे पैसे

भोरच्या एस.टी. स्थानकासमोर गाडी थांबवून मी काच खाली केली आणि त्याच वेळी मोबाइलवर एक संदेश येऊन पडला. उद्या आपल्या कार्डावरून १,८९९ रुपये वळते होतील, नको असल्यास या दुव्यावर कळवा, अशा अर्थाचा तो कोरडा मजकूर होता. रस्ता दाखवणाऱ्या ज्या ॲपच्या वार्षिक वर्गणीसंबंधी तो होता, ते ॲप त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोरच होते. डॅशबोर्डवरच्या पकडीत बसून, ठळक जांभळ्या रेघेने, ते मला वरंधा घाटाकडे निघायला सांगत होते. बायकोच्या मांडीवर तिचा फोन होता आणि त्यातले फुकटचे ॲपही वरंध्याचाच रस्ता दाखवत होते. गावाबाहेरच्या पंपावरचा मुलगा मात्र हवा भरता भरता म्हणाला होता, ‘‘ब्यारिकेट टाकल्यात, पण कडेनं गाड्या जात्यात.’’ या उत्तराने गोंधळ वाढला होता म्हणून आम्ही स्थानकापाशी आलो होतो. फाटकाशी कागदातली भजी खात उभ्या असलेल्या एका एस.टी. चालकाला मी विचारले. त्याने आधी घास गिळला, कागदाची नीट घडी केली आणि मग सांगितले, ‘‘आमची गाडी बंद आहे. एस्टी बंद म्हंजी रस्ता बंद. शिरवळला निघा, तिथनं हायवे धरा.’’

आम्ही शिरवळला निघालो.

नवरात्राचे दिवस होते आणि गुहागरला दुर्गादेवीच्या दर्शनाला जायचे होते. पावसाळ्यात वरंधा बंद ठेवतात हे पुण्यातल्या कोकणी माणसाला कोणी सांगावे लागत नाही; प्रश्न असतो तो फक्त तारखेचा. यंदा पाऊस लांबला होता, पण चार दिवस उघडीप होती, दोन्ही फोन एकमुखाने होकार देत होते, आणि भाटघरचे पाणी, पुढे नीरा-देवघरच्या कडेचा तो वळणावळणाचा रस्ता, घाटमाथ्यावरची माकडे नि कांदाभजी हे सगळे मनात आधीच घडून गेले होते. त्यामुळे कापूरहोळला आपण वळायलाच नको होते, हे मान्य करणे जड गेले. तरीही दीड-दोन तास वाया गेले याचे मला फारसे वाईट वाटले नाही. मनात रुतून बसला तो त्या दोन गोष्टींचा योग. एका हाताला पैसे मागणारा संदेश आणि दुसऱ्या हाताला भजीच्या कागदाची घडी करत फुकट मिळालेले उत्तर. गेली सात-आठ वर्षे मी ही वर्गणी भरत आलो आहे. ती नेमकी कशासाठी भरतो, हा प्रश्न शिरवळपर्यंतच्या त्या अरुंद रस्त्यावर, उसाच्या गाड्यांच्या मागे रांगताना, पहिल्यांदाच मला सरळ विचारता आला.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, रस्ता विचारण्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. त्यांच्याकडे जुनी फियाट होती, हातमोज्यांच्या कप्प्यात राज्याचा घडीचा नकाशा होता, आणि त्या नकाशाच्या घड्यांवरची गावे झिजून नाहीशी झाली होती. मैलाच्या दगडांचे रंग त्यांनी मला चौथीतच पाठ करून घेतले होते; पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्याचा. तरीही दर मोठ्या नाक्यावर ते गाडी थांबवत आणि खाली उतरून विचारत. गाडीतून मान बाहेर काढून विचारणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. मागच्या सीटवर बसलेल्या मला त्याची भयंकर लाज वाटायची. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट फक्त आपल्याच बापाला ठाऊक नाही, असे काहीसे. त्यांचे दोन नियम होते. पहिला असा, की ‘‘पाटणला हाच रस्ता ना?’’ असे कधी विचारू नये. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. ‘‘पाटणचा रस्ता कुठला?’’ असे विचारावे, म्हणजे त्याला हात उचलून दिशा दाखवावी लागते, आणि माहीत नसेल तर ते त्या हातावरून कळते. दुसरा नियम असा, की एकाचे ऐकून निघू नये. फर्लांगभर पुढे जाऊन दुसऱ्याला विचारावे. ‘‘पहिला रस्ता सांगतो, दुसरा खात्री देतो,’’ असे ते म्हणत. आणि हा दुसरा माणूस पहिल्याच्या शेजारी उभा असलेला चालत नसे. एकाच टपरीवरचे दोघे एकच सांगणार, कारण पहिल्याने सांगितलेले दुसऱ्याने ऐकलेले असते.

हे सगळे मी विसरलो होतो असे नाही, पण त्याचा फोनशी काही संबंध असेल असे कधी वाटले नव्हते.

रस्ता सांगणारे यंत्र मी पहिल्यांदा विकत घेतले ते २०१० साली. काचेला रबरी वाटीने चिकटणारे, हाताच्या तळव्याएवढे ते यंत्र होते, आणि उन्हात ती वाटी सैल होऊन ते नेमके घाटातल्या वळणावर माझ्या पायाशी पडत असे. सकाळी सुरू केल्यावर त्याला उपग्रह सापडायला काही मिनिटे लागत. तोवर सोसायटीच्या फाटकाबाहेर, उघड्या आभाळाखाली, आम्ही गाडी सुरू ठेवून वाट पाहत असू आणि वॉचमन आमच्याकडे पाहत असे. माझी वेळ किती अचूक होती, हे मला फार नंतर कळले. ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने अमेरिकेत वळणागणिक बोलून रस्ता सांगणारी सेवा फुकट देण्याची घोषणा केली आणि गार्मिन व टॉमटॉम या यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर धाडकन कोसळले. पाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये नोकियाने आपल्या फोनवरची मार्गदर्शनाची सेवा निःशुल्क केली. म्हणजे जग ज्या वर्षी फुकटाकडे वळले, नेमक्या त्याच वर्षी मी दुकानात जाऊन, घासाघीस करून, रोख पैसे मोजून ते यंत्र घरी आणले होते. त्याचे नकाशे जुने झाले की नवे विकत घ्यावे लागत. मी एकदा घेतले, दुसऱ्यांदा नाही; त्यामुळे पुढची दोन वर्षे नव्या बाह्यवळण रस्त्यांवरून जाताना त्या यंत्राच्या मते आमची गाडी शेतातून चालली असे.

यात एक गंमत आहे, जी गाडी चालवणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आकाशातून जे येते ते तेव्हाही फुकट होते आणि आजही आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपल्याला रस्ता सांगतच नाहीत. ते वेळ सांगतात. चार उपग्रहांकडून आलेल्या वेळांतल्या सूक्ष्म फरकावरून आपण कुठे उभे आहोत हे आपल्या खिशातले यंत्र स्वतःच काढते. १ मे २००० च्या रात्रीपर्यंत अमेरिकेने सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक घातलेली होती, शंभर मीटरांच्या आसपासची; ती त्या रात्री काढून टाकली आणि मग हा सगळा धंदा उभा राहिला. म्हणून तर नेटवर्क नसतानाही तो निळा ठिपका चालत राहतो. कोयनेकडे हेळवाक ओलांडल्यावर कितीदा तरी पाहिले आहे मी हे दृश्य. नकाशा उतरवून घेतलेला नसतो, पडद्यावर नुसत्या करड्या रिकाम्या चौकटी असतात, आणि त्यांवरून तो ठिपका, सारवलेल्या अंगणातून एकट्याने रांगत जाणाऱ्या पोरासारखा, निश्चिंतपणे पुढे सरकत असतो. आपण कुठे आहोत याचे पैसे कोणी घेत नाही. तिथे रस्ता आहे का, तो कुठे जातो, आणि आज तो चालू आहे का, याचे पैसे असतात.

वर्गणीचे ॲप घेतले ते २०१७ साली, आणि कोकणासाठी नाही. भाचा तेव्हा जर्मनीत होता. भाड्याने गाडी घेऊन आठ दिवस फिरायचे ठरले होते आणि परदेशात भारतीय क्रमांकावर इंटरनेट वापरण्याचे दर ऐकूनच घाम फुटत होता. त्या ॲपमध्ये अख्ख्या युरोपचे नकाशे निघण्यापूर्वी फोनमध्ये भरून घेता येत. महामार्गावरून बाहेर पडताना कोणत्या मार्गिकेत राहायचे याचे चित्र ते दाखवायचे, पाट्यांवरची नावे पाट्यांसारखीच निळ्या पट्टीत लिहायचे, आणि आठ दिवसांत आम्ही एकदाही चुकलो नाही. मी इतका खूश झालो, की परत आल्यावर भारताचेही नकाशे घेऊन टाकले. फुकटच्या ॲपमध्येही नकाशा उतरवून नेटवर्कशिवाय रस्ता विचारण्याची सोय २०१५ च्या अखेरीपासून आलेली होती, ही गोष्ट मला भाच्याने विमानतळावर निरोप देताना सांगितली. सांगायला एवढा उशीर का केलास, असे मी त्याला विचारले नाही. घेतलेल्या वस्तूची किंमत चुकली, हे ऐकून घ्यायला माणूस तयार नसतो. त्यातून ती वस्तू चांगली निघालेली असली तर मुळीच नाही.

त्यानंतर दरवर्षी एकेक गोष्ट माझ्या हातून निसटत गेली. मी ज्यासाठी पैसे भरत होतो, ती फुकटात येऊन बसत होती. मार्गिका दाखवणे आले, वेगमर्यादा आली, टोल किती लागेल ते आले. मुंबईत उड्डाणपुलावर चढायचे की खालून जायचे या एका प्रश्नाने माझ्या निम्म्या आयुष्याची शांतता खाल्ली आहे; उपग्रहांच्या संदेशांवरून माणूस पुलावर आहे की पुलाखाली हे नीट समजत नाही, आणि ते समजेपर्यंत पूल संपलेला असतो. हा नुसता मनस्तापाचा प्रश्न नाही. २०२५ च्या जुलैत बेलापूरला एका बाईंची गाडी पुलावर जाण्याऐवजी खालच्या रस्त्याने जाऊन थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी त्यांना वाचवले म्हणून बरे. माझे वर्गणीचे ॲप अशा ठिकाणी चौकाचे चित्र काढून दाखवी आणि त्या एका चित्रासाठी मी दोन वर्षे विनातक्रार पैसे भरले. मग २०२४ च्या जुलैत गुगलने भारतातल्या चाळीस शहरांसाठी उड्डाणपुलाची सूचना द्यायला सुरुवात केली. मॅपमायइंडिया ही आपल्याकडची कंपनी तर १९९५ पासून नकाशांच्या कामात आहे. तिच्या मॅपल्स या ॲपवर चौकांची चित्रे दिसतात, आणि तेही फुकटच. माझ्या वर्गणीचे झाले ते असे, की घर तेच, भाडे तेच, फक्त आतले सामान एकेक करून शेजारी जात राहिले.

तरीही मी ती बंद केली नाही. आळस हे एक कारण खरेच. वर्षातून एकदा पैसे जातात आणि ज्या दिवशी जातात त्या दिवशी आपण काहीतरी दुसरे करत असतो. पूर्वी तर गेल्यावरच कळायचे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान चोवीस तास आधी कळवावे लागते, म्हणून तर भोरला तो संदेश आला. पण आळसापेक्षा मोठे कारण, माझ्या ध्यानात आले ते शिरवळला महामार्गावर लागल्यानंतर, हे होते की मी कधीच एका ॲपवर विसंबून गाडी चालवत नव्हतो. माझ्यासमोर पैशाचे, बायकोच्या मांडीवर फुकटचे. ती तिकडून सांगणार, ‘‘अहो, माझं उजवीकडे म्हणतंय,’’ आणि मी म्हणणार, ‘‘माझंही.’’ एवढे झाले की बरे वाटायचे. मी वर्षाला जवळजवळ दोन हजार रुपये मोजत होतो ते रस्त्यासाठी नव्हतेच. पहिला सांगतो, दुसरा खात्री देतो. अण्णांच्या दुसऱ्या माणसाचा मी पगार देत होतो.

खंबाटकीच्या चढावर ट्रकांची रांग होती आणि विचार करायला वेळ भरपूर होता. अण्णांची अट होती, की दुसरा पहिल्याच्या टपरीवरचा नको. माझा दुसरा कोणत्या टपरीवरचा होता? हा प्रश्न मी आठ वर्षांत विचारला नव्हता, आणि विचारायला लागल्यावर उत्तर फारसे सुखावह नव्हते. ॲप एकाचे, नकाशा दुसऱ्याचा आणि रहदारीची माहिती तिसऱ्याची, असा आता या धंद्याचा प्रघात आहे. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. तो स्वयंसेवक काढतात, एक पैसा न घेता, आणि आपल्याकडे सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींनी पायवाटा नि पाण्याची टाकी त्यात घालून ठेवली आहेत. टॉमटॉमसारखी, एकेकाळी आपल्या मोटारी रस्त्यारस्त्यांवर हिंडवून नकाशे करणारी कंपनीही आता स्वतःच्या माहितीबरोबर याच नकाशाचा आधार घेते. डिसेंबर २०२२ मध्ये ती अमेझॉन, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याबरोबर खुल्या नकाशांसाठी एका सामाईक संस्थेत सामीलही झाली. यात गैर काही नाही. एकच डोंगर शंभरदा मोजण्यात काय शहाणपण? पण मग पैशाचा नकाशा आणि फुकटचा नकाशा यांच्या मुळाशी बसलेला माणूस पुष्कळदा एकच निघतो, आणि दोघांनी एकसुरात ‘वरंधा’ म्हटले यात नवल उरत नाही.

नकाशाचे सोडा, ताज्या माहितीचे काय? इथे तर पैशाच्या ॲपची बाजू मुळातच लंगडी आहे. रस्त्यावर गर्दी आहे हे कळते ते त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांच्या वेगावरून. ज्याच्याकडे फोन जास्त, त्याला जास्त कळते. २०२० च्या फेब्रुवारीत सायमन वेकर्ट या बर्लिनच्या कलावंताने ९९ फोन एका हातगाडीत घातले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली. गुगलच्या नकाशावर तो रिकामा रस्ता तांबडा झाला. ती बातमी वाचून मी हसलो होतो, पण तिचा अर्थ उशिरा उमगला. फुकटच्या ॲपला आपण पैसे देत नाही हे खरे नाही. कुठून निघालो, कुठे थांबलो, देवळात किती वेळ होतो आणि हॉटेलात किती, हे आपण देत असतो, आणि त्या देण्यातूनच त्याचे शहाणपण बनते. हे ज्याला नको असेल त्याने पैसे भरून दुसरीकडे जावे, हे मला आजही पटते. आपली माहिती न देण्याची किंमत म्हणून १,८९९ रुपये जास्त नाहीत. अडचण एवढीच, की माझ्या शेजारच्या सीटवर फुकटचे ॲप सुरूच होते. मी पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार सताड उघडे ठेवले होते.

आणि वरंध्याला तर हे दोन्ही शहाणपण कुचकामी ठरले होते. बंद रस्त्यावर गाड्या नसतात. गाड्या नाहीत म्हणजे गर्दी नाही, गर्दी नाही म्हणजे रस्ता मोकळा, आणि मोकळा म्हणजे वेगाचा. दरड कोसळलेला घाट आणि दुपारच्या वेळचा निवांत घाट यांतला फरक, कोणी मुद्दाम कळवल्याशिवाय, आकाशातूनही समजत नाही नि फोनांच्या मोजणीतूनही समजत नाही. मला राग याचा आला नाही. राग आला तो त्या आवाजाच्या आत्मविश्वासाचा. ‘कुंभार्ली’चा ‘कुमबरली’ करणारी ती इंग्रजी बोलणारी बाई आठ वर्षांत एकदाही ‘ठाऊक नाही’ असे म्हणालेली नाही. भिडेखातर हो म्हणणारा नाक्यावरचा माणूस निदान हात उचलताना घुटमळतो. ‘‘घाटाचं काही सांगता यायचं नाही बुवा, भोरात विचारा,’’ एवढे म्हणणारे ॲप कोणी काढले, तर मी त्याला तीन हजार देईन.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणचा रस्ता धरला तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे, कोयनेच्या काठचे ओलसर गार वारे, रस्त्याच्या कडेला रंगीत शामियान्यांत बसलेल्या देवी. मल्हारपेठेजवळ चहाला थांबलो तिथे एक कंटेनर उभा होता आणि त्याच्या चालकाशी बोलणे निघाले. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत माल घेऊन चालला होता. त्याच्या मालकाने गाडीत पैशाचे ॲप घालून दिले आहे, असे तो म्हणाला. गाडीची उंची, लांबी, वजन त्यात भरायचे, म्हणजे कमी उंचीचे पूल नि अरुंद रस्ते ते टाळते. ‘‘फुकटवालं आम्हाला कारच समजतंय, साहेब. एकदा गावात घुसवलं, तर मागं घेता घेता दोन विजेचे खांब गेले.’’ मी त्याला विचारले, मग पैसे वसूल होतात का? तो हसला. ‘‘एक खांब वाचला की वर्षाचं निघालं.’’ हा हिशेब इतका स्वच्छ होता, की मला माझ्या हिशेबाची थोडी लाज वाटली. वर्गणी हा शब्द आपल्याकडे वाचनालयाला लागतो, दिवाळी अंकांना लागतो, गणपतीला लागतो. यातल्या दोन ठिकाणी घेतलेल्या पैशाचे काहीतरी हातात पडते आणि तिसऱ्या ठिकाणी आपण मंडळाच्या पोरांना नाही म्हणायचे नसते म्हणून देतो. माझी वर्गणी कधीतरी, नकळत, पहिल्या प्रकारातून तिसऱ्यात गेली होती.

हेळवाकच्या पुढे ठरल्याप्रमाणे नेटवर्क गेले. घाटात धुके होते, पोफळीपर्यंत दिवे लावूनच उतरलो, आणि बराच वेळ गाडीत फक्त वायपरचा आवाज होता. दोन्ही फोनांवर नकाशे उतरवलेले होते, दोन्ही ठिपके सारखेच वळत होते, आणि कुंभार्लीत चुकायला दुसरा रस्ताच नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तरी बायको मधूनच म्हणाली, ‘‘माझं सरळच म्हणतंय.’’ मी म्हणालो, ‘‘माझंही.’’

गुहागरला पोहोचलो तेव्हा आरती संपून गेली होती. दर्शन घेतले, जेवलो, आणि रात्री काकांच्या पडवीत, जिथे उभे राहिले की नेटवर्क येते त्या एका खांबाशी उभा राहून मी तो संदेश पुन्हा उघडला. समोर काळोखात समुद्राचा आवाज होता आणि सुरूंच्या झाडांतून येणारे वारे खारट होते. वर्गणी थांबवायची असल्यास कारण सांगा, असे ॲपने विचारले आणि पर्याय दिले. महाग वाटते, वापर होत नाही, दुसरे ॲप मिळाले, इतर. महाग नव्हते. वापर रोज होत होता. दुसरे ॲप तर पहिल्या दिवसापासून होतेच. मी ‘इतर’ निवडले. खाली लिहायला एक चौकट उघडली. थोडा विचार करून मी देवनागरीत लिहिले, ‘वरंधा घाट बंद आहे. एस.टी.सुद्धा जात नाही.’ आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे, असे इंग्रजीत उत्तर आले आणि चौकट मिटली. बायको मागे उभी राहून पाहत होती. तिने भोरहून निघतानाच तिच्या फुकटच्या ॲपवर घाट बंद असल्याचे कळवून टाकले होते, असे ती तेव्हा म्हणाली. दोनदा बोट टेकवले की होते.

चौथ्या दिवशी परत निघालो. वर्गणी संपल्यामुळे माझ्या फोनवर नकाशा होता, रेघ होती, पण बोलणारी बाई गेली होती. सिग्नलला, वळणाला, सगळीकडे ती गप्प, आणि गाडीत कोणीतरी रुसून बसल्यासारखे वाटत राहिले. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर थांबलो. एक रस्ता खेड-महाडकडे जातो, एक कराडकडे. सहज म्हणून मी पुण्याचा रस्ता विचारला, तर माझ्या फोनची मुकी रेघ महाडवरून वरंध्यातच शिरत होती. बायकोच्या फोनवर मात्र वरंध्यावर तांबडी तुटक रेघ उमटली होती आणि रस्ता कुंभार्लीने दाखवला जात होता. तिने कळवले म्हणून, की आणखी कोणी, की कोणा सरकारी खात्याने, समजायला मार्ग नव्हता. पण ती विजयी मुद्रेने फोन माझ्यासमोर धरून होती. ‘‘मग मला याचे किती मिळणार?’’ तिने विचारले.

मी काही बोलायच्या आत तिने काच खाली केली आणि नाक्यावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला विचारले, ‘‘दादा, कुंभार्ली चालू आहे ना?’’

‘‘हो, चालू आहे की,’’ तो लगेच म्हणाला. त्याने हात उचलला नाही. मी पुढच्या टपरीशी गाडी पुन्हा हळू केली.